ठाणे-तुर्भे लोकलमध्ये नेता येईल असा मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा: जीआर की एक्स१००?

फलाट_दहा | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय. सांभाळून घ्या.

रोजचा रस्ता असा: सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने तुर्भे, संध्याकाळी उलटा. उतरलो की जांभळी नाक्यावर भाजी, मग तलावपाळीला वळसा घालून चरईत घरी. या वाटेवर जे दिसतं तेच मला टिपायचंय. जुना डीएसएलआर आहे, पण डबा, छत्री आणि लॅपटॉप भरल्यावर सॅकमध्ये त्याला जागा उरत नाही. गळ्यात अडकवून साडेसहाच्या गाडीत चढलो तर त्याचं काय होईल ते ठाणेकरांना सांगायला नको. त्यामुळे तो कपाटात सुखाने नांदतोय आणि फोटो सगळे फोनवर.

आता मोठा सेन्सर असलेला, एकाच न निघणाऱ्या लेन्सचा छोटा कॅमेरा घ्यायचं डोक्यात आहे. बजेट सव्वा लाख, त्यापुढे घरात प्रश्नोत्तरं सुरू होतील. यादीत रिको जीआर ३ (२८ची लेन्स), जीआर ३एक्स (४०ची) आणि वापरलेला फुजी एक्स१००व्ही (३५ची). नवा एक्स१००व्हीआय दीड लाखाच्या पुढे जातो, म्हणून फक्त बघून घेतला.

प्रश्न दोनच. फोन असताना हा खर्च खरंच कारणी लागतो का? आणि २८, ३५, ४० मिमी यातली कुठली लेन्स घ्यावी (आकडा लहान तितकी चौकट रुंद)? पावसाचंही कोणी सांगितलं तर बरं.

कोपरीचा_बंड्या | सोमवार, रात्री १०.५५

सव्वा लाख देऊन झूम नाही? तेवढ्यात अॅक्टिव्हा येते राव, आणि ती पुढेमागे तरी होते.

नौपाडाकर | सोमवार, रात्री ११.२०

बंड्या, झोप आता.

फलाट, मी तुला वेगळंच सांगणार. न निघणाऱ्या लेन्सच्या नादी लागू नकोस. लेन्स बिघडली की कॅमेरा गेला, बॉडी बिघडली की लेन्स गेली. त्यापेक्षा फुजीची एक्स-ई४ बघ, वापरलेली मिळते. तिला २७ मिमी एफ २.८ ची पॅनकेक, म्हणजे चपटी लेन्स, लाव. बॉडी ३६४ ग्रॅम, लेन्स ८४, मिळून ४४८. एक्स१००व्हीआयचं वजन किती? ५२१. म्हणजे लोक ज्याला छोटा म्हणून डोक्यावर घेतात तो माझ्या जोडीपेक्षा जड आहे. उद्या मुलीच्या स्नेहसंमेलनाला लांबची लेन्स हवी झाली तर तीही लागते. एक्स१०० ला काय लावणार?

सेन्सर तोच, एपीएस-सी मापाचा. फोटो बघून कोणी ओळखून दाखवावं, मी मामलेदारची मिसळ देतो.

अॅपर्चर_आबा | मंगळवार, सकाळी ६.१५

नौपाडाकर, वजनाचा हिशेब बरोबर आहे, मिसळही मान्य. पण एक बाजू राहिली.

लेन्स कायमची बसवलेली असली की माउंटची, म्हणजे लेन्स अडकवायची, कडी लागत नाही. मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येतं आणि कारखान्यातच लेन्स आणि सेन्सर एकमेकांशी जुळवून बंद करतात. म्हणून तर एपीएस-सी सेन्सर असूनही जीआर ३ची जाडी ३३ मिमी आहे आणि बॅटरी-कार्डासकट वजन २५७ ग्रॅम. बंद केला की लेन्स आत जाते. तुमची जोडी हलकी आहे खरी, पण ती पँटच्या खिशात घालून दाखवा. एक्स१०० सुद्धा खिशातला नाही, हे मात्र तुमच्या बाजूने. फलाटने हे दोन एकाच यादीत टाकलेत, पण ते एका जातीचे नाहीत. एक खिशातला, दुसरा खांद्यावरचा.

आणखी एक. या कॅमेऱ्यांत शटर सेन्सरपुढे नसतं, लेन्सच्या आत पाकळ्यांचं असतं. आवाज जवळजवळ नाही. आणि फ्लॅश १/१००० सेकंदाला सुद्धा जुळतो, जिथे बदलत्या लेन्सच्या बहुतेक कॅमेऱ्यांची गाडी १/२५० च्या आसपास थांबते. भर दुपारी आभाळ काळवंडून समोरचा चेहरा उजळायचा असेल तर हे पाकळ्यांचं शटर आणि छोटा फ्लॅश पुरतो.

आता फोनचा प्रश्न. इथे लोक भावनेने बोलतात, मी आकडे देतो. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर ९.८ × ७.३ धरू. क्षेत्रफळ पाचपट, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात सव्वादोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) थोडा जास्त फायदा. पण फोनचं भिंग एफ १.८ च्या आसपास आणि जीआरचं एफ २.८ (आकडा लहान तितका उजेड जास्त). तिथे सव्वा स्टॉप परत गेला. उरला एक. एक्स१०० चं भिंग एफ २, तिथे दोन उरतात. एवढाच भौतिक फरक.

त्यात फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन एकावर एक रचतो. रात्रीच्या तलावपाळीचा, पाण्यातल्या दिव्यांचा फोटो काढायचा असेल तर फोन तुमच्या जीआरला हरवेल, मी लिहून देतो. पण समोर माणूस हलत असेल तर रचलेल्या फ्रेम जुळत नाहीत. मग फोन चेहरा पुसतो आणि वर स्वतःच्या मनाने कातडी घासून देतो. संध्याकाळचा बाजार म्हणजे नुसती हलणारी माणसं. तिथे एकाच उघडझापीत १/१२५ ला घेतलेली फ्रेम लागते. तुझा खर्च कारणी लागेल तो तिथे. बाकी ठिकाणी नाही.

जिज्ञासा_०७ | मंगळवार, सकाळी ८.०२

वाचतेय. आबा, असे कॅमेरे आले कधीपासून? मला वाटायचं मोठा सेन्सर म्हणजे मोठाच कॅमेरा.

अॅपर्चर_आबा | मंगळवार, सकाळी ८.४०

तसंच होतं बराच काळ. सिग्माने डीपी१ २००६ मध्ये जाहीर केला आणि बाजारात यायला २००८ उजाडलं. फोव्हिऑन सेन्सर, भिंग एफ ४, चालायला संथ. पण रस्ता त्याने पाडला. २००९ ला लायका एक्स१. सप्टेंबर २०१० मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीने एक्स१०० दाखवला आणि तिथून या प्रकाराला गिऱ्हाईक मिळालं. २०१२ ला सोनीने आरएक्स१ मध्ये थेट फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर घातला, ३५ एफ २ सकट, वजन ४८२ ग्रॅम. २०१३ ला एपीएस-सीचा पहिला रिको जीआर. त्याच वर्षी निकॉननेही कूलपिक्स ए आणला होता, पुढची आवृत्ती काही आली नाही. २०१५ ला लायका क्यू.

२०२५ मध्ये तर फुजीने जीएफएक्स१००आरएफ आणला. फुल फ्रेमहून मोठा सेन्सर, १०२ मेगापिक्सेल, लेन्स एफ ४, आणि सेन्सरला हादरे सावरणारी यंत्रणा नाही. पैसेवाल्यांनी बघावं. माझं मत विचाराल तर संध्याकाळच्या कामाला बिनकामाचा.

मनस्वी_ऐरोली | मंगळवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, शुद्धलेखन सोडून द्या.

माझ्याकडे जीआर ३ आहे, आणि तुझाच मार्ग, फक्त मी ऐरोलीला उतरते. या कॅमेऱ्याचं खरं सुख स्नॅप फोकसमध्ये आहे, ते कागदावरच्या तुलनेत कोणी नीट सांगत नाही. अंतर आधी ठरवून ठेवायचं: १, १.५, २, २.५, ३.५, ५ मीटर. बटण अर्धं न थांबता सरळ खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरलेल्या अंतराला फोटो घेऊन मोकळा. एफ ८ आणि २ मीटर ठेवलं तर साधारण एका मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. २८ची लेन्स आहे ना, म्हणून.

अंधार पडला की एफ ८ परवडत नाही. मग एफ २.८ ला आणून साधा ऑटोफोकस लावायचा, आणि तो संध्याकाळी अडखळतो. खोटं कशाला बोलू. परवा गावदेवी मंडईच्या बाहेर एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या, वरून पिवळा बल्ब. त्यांनी ओंजळ झटकली, थेंब उडाले, बल्बचा उजेड थेंबांत पकडला गेला. १/१२५, एफ २.८, आयएसओ ३२००. कॅमेऱ्याने आधी मागच्या ताडपत्रीवर फोकस धरला होता, दुसऱ्या झटक्याला हातावर आला. कोथिंबिरीने हिरवट झालेली बोटं, नखात माती, सगळं दिसतंय. फोनवर थेंबांच्या जागी दोरे आले असते.

तक्रारी: बॅटरी अगदी बेताची, कंपनीच सुमारे २०० फोटो म्हणते. दुसरी बॅटरी घ्यावीच लागते. आतला फ्लॅश जीआर २ पर्यंत होता, ३ मध्ये काढून टाकला. व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीन बघायला हाताची सावली करायची. पाणी-धुळीपासून संरक्षण नाही. आणि लेन्स आतबाहेर होताना हवेबरोबर धूळ ओढते. सेन्सर थरथरवून धूळ झाडायची सोय आहे, पण चिकटलेला कण तसाच राहतो. लेन्स निघत नाही म्हणजे आपण घरी साफ करू शकत नाही. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखाली मी तो उघडतच नाही.

सीवूड्सवाली | मंगळवार, दुपारी २.१५

फ्लेमिंगो?

मनस्वी_ऐरोली | मंगळवार, दुपारी २.१८

ताई, २८ मध्ये फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर सांडलेली गुलाबी खसखस. तुमची ६०० ची तोफ तुमच्याकडेच ठेवा.

सीवूड्सवाली | मंगळवार, दुपारी २.३३

माहितीये गं, गंमत केली. पण कामाचं एक सांगते. टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला सगळे तोफा लावून पक्ष्यांच्या डोळ्यावर फोकस करत असतात. मागच्या टॉवरसकट, खाडीसकट, कचऱ्यासकट पूर्ण जागा दाखवणारा फोटो फार थोडे काढतात, आणि पाणथळ वाचवायच्या अर्जांना तोच उपयोगी पडतो. त्याला २८ उत्तम.

पाऊस येतोय म्हणून दुसरं. धुळीपेक्षा मला बुरशीची भीती जास्त. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते, तिथे भिंगाचं काय. सुट्या लेन्सला बुरशी आली तर एक लेन्स जाते. इथे सगळाच जाईल. ड्राय कॅबिनेट जमत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत काटा राहिला की झालं. कॅमेऱ्याबरोबर आलेली चामडी केस त्यात ठेवू नका, ती ओल धरते. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापरणं. कपाटात सुखाने नांदणाऱ्या डीएसएलआरला आज बाहेर काढून लेन्समधून टॉर्च मारून बघ, फलाट.

फलाट_दहा | मंगळवार, रात्री ९.५०

मारला टॉर्च. किट लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे. ताई, तुमचे आभार मानू की नको ते कळत नाहीये.

किल्ले_बेलापूर | मंगळवार, रात्री १०.३०

एक्स१००व्हीवाला हजर. सगळे जीआरच्या प्रेमात दिसतात, म्हणून लिहितो.

या कॅमेऱ्याचा जीव व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. खटका ओढला की इलेक्ट्रॉनिक चित्र जातं आणि साधी काच येते, काचेवर चौकटीच्या रेषा. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. ठाण्याची गुढीपाडव्याची शोभायात्रा घ्या. लेझीमच्या रांगा येतात, मध्येच नऊवारीतल्या बाया बुलेटवर, मागे ढोल. स्क्रीनवर बघणाऱ्याला चौकटीत आल्यावर दिसतं. काचेतून बघणाऱ्याला ती बुलेट डावीकडून येताना आधीच दिसते, आणि तो लेझीमचा हात वर जायची वाट बघत थांबू शकतो. हे एकदा अंगवळणी पडलं की स्क्रीनवर परत जाववत नाही.

लेन्स ३५च्या तोडीची, एफ २. एक्स१००एफपर्यंतच्या सगळ्यांत जुनी रचना होती, ती जवळच्या वस्तूवर एफ २ ला दुधाळ व्हायची. २०२० ला व्हीमध्ये नवी लेन्स आली आणि ते बरंच सुधारलं. त्यामुळे वापरलेला घ्यायचा तर व्ही घे, त्याच्या मागे जाऊ नको. व्हीआयमध्ये ४० मेगापिक्सेल आणि हादरे सावरणारा सेन्सर आलाय. हात थरथरत असतील किंवा रात्री फिरत असशील तर त्याचा उपयोग आहे. हलत्या माणसाला मात्र त्याचा शून्य उपयोग, हे दुकानदार सांगणार नाही.

पाऊस: व्ही आणि व्हीआय दोन्ही पावसाला चालतात म्हणतात ते अर्धं सांगतात. पुढे अॅडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावला तरच पुढची फट बंद होते. त्याशिवाय नाही. आणि लावल्यावरही शिंतोडे म्हणजे शिंतोडे, दहीहंडीचा टँकर नव्हे.

किमतीचं: २०२२ मध्ये टिकटॉकवर हा कॅमेरा गाजला आणि वापरलेल्या व्हीच्या किमती नव्याच्याही वर गेल्या. तो ज्वर पूर्ण उतरलेला नाही. म्हणून घासाघीस कर, लाजू नको.

नौपाडाकर | मंगळवार, रात्री ११.०५

बघा, मी म्हटलं होतं. रिंग घ्या, फिल्टर घ्या, खांद्यावर अडकवा. मग माझी पॅनकेक काय वाईट? आणि एपीएस-सीवर २७ म्हणजे फुल फ्रेमच्या ४१च्या तोडीची, फलाटच्या यादीतल्या ४० ची सख्खी बहीण.

अॅपर्चर_आबा | बुधवार, सकाळी ६.०५

वाईट नाहीच. फलाटला लेन्स बदलायची असती तर मी तुमच्याच मागे उभा राहिलो असतो. पण ज्याचा डीएसएलआर दोन लेन्ससकट कपाटात पडलाय त्याला आणखी लेन्सांची सोय देऊन काय साधणार?

फलाट, २८-३५-४० चा निकाल इथे कोणी लावू शकत नाही. तुझ्या फोनमध्ये तो आधीच लागलाय. फोनची मुख्य लेन्स २४ ते २६च्या तोडीची असते. तुझे आवडते शंभरेक फोटो काढ आणि बघ, नंतर किती कापलेस. फारसं कापत नसशील तर तू २८चा माणूस. दर वेळी चारी बाजूंनी कापत असशील तर ४०. मग आठवडाभर फोन दीडपटीच्या किंचित पुढे, १.६ ला अडकवून फिर, तेच ४०. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

नंतर कापू म्हणून २८ घेणाऱ्यांसाठी: जीआर ३च्या २४ मेगापिक्सेलमधून ३५ कापलं तर १५ उरतात, ५० कापलं तर ७. भिंतीवर लावायला तेही पुरतात. पण कापल्यावर सेन्सरही छोटाच झाला ना? मोठ्या सेन्सरचे पैसे देऊन कडा फेकायच्या.

कोपरीचा_बंड्या | बुधवार, सकाळी ९.१२

शंभर फोटो बघितले. नव्वद व्हॉट्सअॅपचे शुभ सकाळ निघाले. मी कितीचा माणूस?

जिज्ञासा_०७ | बुधवार, सकाळी ११.४७

एक प्रश्न, राग मानू नका. मनस्वी, त्या कोथिंबीरवाल्या मावशींना विचारलं होतंस का? आवाज नसलेलं शटर, खिशातला कॅमेरा, हे सगळं ऐकताना मला जरा कसंतरी झालं. माझी आई दादरला फुलं विकायची. तिचे फोटो कुणाकुणाकडे असतील देव जाणे.

मनस्वी_ऐरोली | बुधवार, दुपारी १.४०

राग कसला. आधी नाही विचारलं, ओंजळ झटकणं विचारून होत नाही. लगेच स्क्रीन दाखवली. म्हणाल्या, "हात काय काढलास, तोंड काढ की." मग तोंडाचाही काढला, ताठ बसून, पदर सारखा करून. दोन्ही छापून नेऊन दिले, तोंडाचा गल्ल्याच्या डब्यात आहे. पण नाही म्हटलेलीही माणसं आहेत, त्यांच्यासमोर पुसते. पोरांचे तर काढतच नाही.

नौपाडाकर | बुधवार, दुपारी २.२५

जिज्ञासाताईंशी सहमत. मी आधी विचारतो. फोटो जातो कधीकधी, जाऊ दे.

किल्ले_बेलापूर | बुधवार, दुपारी ३.१०

मी मिरवणुका सोडून अनोळखी माणसांचे जवळून काढतच नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे फलाट बुडेल.

फलाट_दहा | पुढचा गुरुवार, रात्री १०.१५

आबांचा अभ्यास केला. २८चा माणूस असेन असं वाटत होतं, कारण गर्दी, बाजार, सगळं मावायला हवं. फोटो निघाले भलतेच. तराजूची काटी धरलेला हात. गाडीच्या दारात उभ्या माणसाची पाठ आणि बाहेर दिघा गावचा फलक. मसाल्याच्या पोत्यावर झोपलेलं मांजर. सगळे कापलेले, आणि जवळपास सारखेच कापलेले. १.६ वर आठवडा काढला तर काहीच अडलं नाही, उलट चौकटीतला कचरा कमी झाला. फक्त गाडीच्या आत भिंतीला पाठ लागते, मागे सरकायला जागा नसते.

म्हणजे ४०. आणि खिशातला. जीआर ३एक्स. बरोबर ना?

मनस्वी_ऐरोली | पुढचा गुरुवार, रात्री १०.५०

बरोबर. एक फरक लक्षात ठेव. ३एक्सची लेन्स लांब, म्हणून स्नॅपची मोकळीक घटते. एफ ८ ला अडीच मीटर ठेवलंस तर साधारण दीड ते सहा मीटर धरतं, माझ्यासारखं लांबपर्यंत नाही. अंतराचा अंदाज बसवावा लागेल. रस्त्यात उभं राहून दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्याला शिकव, फरशा मोजून.

अॅपर्चर_आबा | पुढचा शुक्रवार, सकाळी ६.२०

वापरलेला घेणार असशील तर भेटायला दिवसा जा. चालू-बंद बरेचदा कर, लेन्स सरळ बाहेर यायला हवी, कुरकुर नको. तिला झाकणारी पाती अर्धवट उघडी राहत नाहीत ना ते बघ. मग एफ १६ लाव, फोकस मुद्दाम बिघडव आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढ. स्क्रीनवर मोठा करून चारी कोपरे फिर. सेन्सरवरची धूळ एफ २.८ ला लपते, एफ १६ ला करडा ठिपका म्हणून उभी राहते. भिंगातून टॉर्च, ते ताईंनी शिकवलंच आहे. बिल कोणाच्या नावाचं, वॉरंटी कार्ड भारतातलं की बाहेरचं, हेही विचार. बाहेरचं असेल तर दुरुस्तीचा खर्च तुझ्याच खिशातून धर आणि किंमत त्या हिशेबाने कर.

फलाट_दहा | रविवार, दुपारी १२.४०

कोपरखैरणेला एकाकडे ३एक्स बघून आलो. कॅमेरा देखणा, मुलगाही सरळ. वॉरंटी कार्ड बाहेरचं. एफ १६ चा भिंतीचा फोटो टाकतोय. वर उजवीकडे एक ठिपका आहे आणि खाली डावीकडे एक बारीक धागा. तो म्हणतो, नेहमीच्या फोटोत दिसत नाही.

मनस्वी_ऐरोली | रविवार, दुपारी १.०५

ठिपका चालेल, तो कोपऱ्यात आहे. धागा नको. धागा आत सरकतो, आज डावीकडे, उद्या कुणाच्या तरी गालावर. उघडून साफ करून देतो का विचार, नाहीतर साफसफाईचे पैसे कापून घे.

अॅपर्चर_आबा | रविवार, दुपारी १.३०

मनस्वीशी सहमत. बाहेरच्या कार्डावर आतला धागा म्हणजे खर्च तुझाच.

फलाट_दहा | रविवार, संध्याकाळी ७.२०

किंमत सोडायला तयार नाही, साफ करून द्यायलाही नाही. सोडला. वाशीला आणखी एक आहे म्हणे, तो शनिवारी. फोन अजून १.६ वरच आहे.

कोपरीचा_बंड्या | रविवार, संध्याकाळी ७.३१

अॅक्टिव्हाने सोडतो वाशीला. पेट्रोल नाही, मिसळ लागेल. नौपाडाकरांच्या खात्यावर.